म्हणजे अवकाळी का?

पोस्ट जरा लांबली आहे, सवडीनं वाचा. आणि वाचून झाल्यावर हे कोण, ते कोण म्हणून शोधत बसू नका. गाव, साल, नातं मी मुद्दाम इकडचं तिकडं केलेलं आहे.

येरमाळ्यात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. अशा दुकानात माणसाचं सगळं आयुष्य कागदावरून सरकत जातं. जन्माचा दाखला, आधार दुरुस्ती, शिष्यवृत्ती, सातबारा, पीकविमा, लग्नपत्रिका, वाढदिवसाचं बॅनर आणि शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली. एकाच माणसाचे हे सगळे कागद मी काढलेत, असंही झालंय.

एका दिवाळीच्या आधी एक ओळखीचे पाव्हणे दुकानात आले. ऊसतोडीला जाणारे. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, पण बघणाऱ्याला थोरले वाटावेत असे. टोळी निघायला पंधरा दिवस राहिले होते. हातात लेकीच्या बाळंतपणाचा दवाखान्यातला कागद होता, त्याच्या झेरॉक्स पाहिजे होत्या. नात झाली होती. मी मशीनचं झाकण उचलून कागद ठेवायला लागलो तसं ते म्हणाले, "अण्णा, ह्यात काय लिवलंय ते तरी सांगा. तिथं गर्दीत मला काय उमगलं न्हाई."

मी वाचलं. इंग्रजीत लिहिलेलं होतं, प्रीटर्म. चौतीस आठवडे. वजन एक किलो सहाशे.

"बाळ वेळेआधी झालंय, असं लिहिलंय."

"येळंआधी म्हंजी?"

"दिवस भरायच्या आधी."

ते थोडं थांबले. बाहेर रस्त्याकडं बघत म्हणाले, "म्हंजी अवकाळी का?"

मी 'हो' पण म्हणालो नाही आणि 'नाही' पण म्हणालो नाही. पाच झेरॉक्सचे दहा रुपये घेतले. त्या कागदावर आणखी एक ओळ होती, ती मी वाचली पण बोललो नाही. तिच्याकडं नंतर येतो. आधी त्यांचा प्रश्न, कारण तो तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

अवकाळी हा आपला रोजचा शब्द. पेपरात फेब्रुवारी-मार्चमध्ये एक दिवसाआड येतो. ज्वारी काढून पडलेली, हरभरा खळ्यावर, द्राक्षं उतरायला आलेली, आणि वर ढग. पण शब्द नीट बघितला तर अवकाळी म्हणजे 'लवकर' असं नाही. अवकाळी म्हणजे ज्याचा हा काळच नव्हे ते. त्यात आधी-नंतर नाही. मार्चमधला पाऊस जूनच्या पावसाच्या आधी आला म्हणून अवकाळी होत नाही. तो आला तेव्हा त्याची कुणाला गरज नव्हती, म्हणून तो अवकाळी. उलट मेमध्ये दुपारी ढग भरून येऊन जो दणका देऊन जातो त्याला आपली जुनी माणसं अवकाळी म्हणत नव्हती. तो वळीव. वळवाचा पाऊस ठरलेला असतो. नांगरटीची ढेकळं विरघळतात, म्हणून हवासा पण असतो. टीव्हीवाल्यांनी हल्ली वळवाला पण अवकाळी करून टाकलंय, ते सोडा.

२०२५ च्या मेमध्ये तर कुणालाच शब्द सापडेना. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत. म्हणजे मृग निघायला दहा-बारा दिवस बाकी आणि मान्सून राज्यात. त्याच्या आधीपासून आपल्याकडं रोज पाऊस चालू होता. चहाच्या टपरीवर वाद, हा वळीव, अवकाळी, का मान्सूनच? कृषी विभाग सांगत होता की पेरणीची घाई करू नका, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पडू द्या, ओल किती खोल गेली ते बघा. मी शहाणा. दोन एकरावर सोयाबीन टाकून मोकळा झालो. आगाप पेरलं की काढणी आगाप, आगाप माल आला की भाव बरा, हा हिशेब. मग जूनमध्ये पावसानं ओढ दिली. उगवलेलं माना टाकायला लागलं आणि एक एकर दुबार पेरावं लागलं. बियाण्याचा, खताचा खर्च दुप्पट. आई ओट्यावर बसून एवढंच म्हणाली, "उतावळा नवरा."

बघा, शेतात 'लवकर'साठी आपल्याकडं किती शब्द आहेत. आगाप-मागास आहे. धूळपेरणी आहे. चिकात असलेली ज्वारी भाजली की हुरडा, आणि हुरड्याला कुणी कच्ची ज्वारी म्हणत नाही, तो पाहुण्यांना बोलावून खायचा मान आहे. पैशात 'लवकर' असलं की आगाऊ. माणूस स्वतः लवकर तोंड घालायला लागला तरी आगाऊच. ऊसतोडीत आगाऊ पैशाला उचल म्हणतात. सरकारी कागदात मुदतपूर्व असतं. मुदतपूर्व निवडणूक, कर्जाची मुदतपूर्व परतफेड. घरात अवेळी असतं, तिन्हीसांजेला झोपू नये, अवेळ झाली. आणि बाळ लवकर झालं तर बायका म्हणतात अपुऱ्या दिवसांचं, नाहीतर सातव्यातलं. सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, असं अजूनही आपल्याकडं सांगतात. हे साफ चूक आहे. जेवढे दिवस पोटात जास्त तेवढं बरं. डॉक्टरी हिशेबात सदतीस आठवड्यांच्या आत झालेलं बाळ मुदतीआधीचं, आणि बत्तिसाव्यापेक्षा छत्तिसाव्या आठवड्यातल्याला कधीही आशा जास्त.

शब्द असण्याचा फायदा काय, ते दुकानात बसलं की कळतं. शब्द असला की रकाना असतो. अवकाळीला पंचनामा आहे. अतिवृष्टी म्हणायला महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस लागतो. चौसष्ट झाला की शेत वाहून गेलं तरी कागदावर अतिवृष्टी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यानं जे बघितलं त्यानंतर एकेका शब्दासाठी माणसं माझ्या दुकानात भांडली आहेत. 'पुराने' लिहू का 'अतिवृष्टीने' लिहू? मी म्हणायचो, तलाठ्याला विचारून या.

आता अकाली. हा शब्द मी सगळ्यात जास्त वेळा टाइप केलाय, तो श्रद्धांजलीच्या बॅनरवर. पस्तीस वर्षांचा पोरगा हायवेवर गेला, अकाली निधन. चाळिशीतला शेतकरी, अकाली निधन. तिथं कारण लिहीत नाहीत, 'अकाली' एवढंच लिहितात आणि वाचणाऱ्याला कळतं. (पंजाबातले अकाली वेगळे. त्यांचा अकाल म्हणजे काळाच्या पलीकडचा, देव. अक्षरं तीच, पण आपला अकाली काळाच्या अलीकडंच संपतो.) केसही अकाली पांढरे होतात, म्हातारपणही अकाली येतं. पण पहिला हक्क मरणाचा.

दर ८ मार्चला एखाद्या शाळेचं, मंडळाचं बॅनर असतं. सावित्रीबाई, जिजाऊ, अहिल्यादेवी, आणि एका कोपऱ्यात डॉक्टर आनंदीबाई जोशी. खाली दोन ओळी माहिती टाकायची असते. ती मी इतक्या वेळा टाकली आहे की पाठ झाली आहे. जन्म ३१ मार्च १८६५. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरची पदवी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी अकाली निधन. बावीस पण पूर्ण नव्हती.

त्या झेरॉक्सनंतरच्या मार्चमध्ये हे बॅनर पुन्हा आलं. टाइप करताना माझा हात 'अकाली'वर थांबला. आनंदीबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. नवरा वीसेक वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी बाळंतपण. ते बाळ दहा दिवस जगलं. औषधपाणी मिळालं असतं तर वाचलं असतं, या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या, हे आपण भाषणात सांगतो. लग्न नवव्या वर्षी, मूल चौदाव्या वर्षी, मरण एकविसाव्या वर्षी. तीन गोष्टी वेळेआधी झाल्या, आणि त्यातल्या शेवटच्या एकीलाच आपण अकाली म्हणतो. 'आनंदीबाईंचा अकाली विवाह' असं कुठल्या बॅनरवर वाचलंय का तुम्ही? मी तरी छापलेलं नाही.

मग मी शोधायला लागलो. पोरीचं लग्न लवकर झालं, याला आपल्या बोलण्यात शब्द काय? 'बालविवाह' म्हणाल तर तो पोलिसांचा, कायद्याचा आणि पोस्टरचा शब्द. कुणी आई शेजारणीला 'आमच्या पोरीचा बालविवाह केला' असं सांगत नाही. ती सांगते, पोरगी उजवली. हात पिवळे केले. उरकलं एकदाचं. जबाबदारीतून मोकळे झालो. आणि सगळ्यात जास्त वेळा, वेळेत झालं. "वेळेत झालं बाई, बरं झालं."

उशीर झाला तर मात्र शब्द तयार आहे, घोडनवरी. म्हणजे पोरीच्या लग्नाला उशीर झाला हे ओरडून सांगायला भाषेनं शब्द घडवून ठेवला, आणि लवकर झालं तर त्याला 'वेळेत' म्हणायचं. वळीव कुठला, अवकाळी कुठला हे ढगाच्या रंगावरून ओळखणारी आपली माणसं. त्यांना हा एक शब्द कसा सुचला नाही?

आता ती न वाचलेली ओळ.

दवाखान्याच्या त्या कागदावर वय लिहिलं होतं १९. मला तिचं वय माहीत होतं. नववीत असताना तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज मीच भरला होता, जन्मतारीख मीच टाकली होती. त्या हिशेबानं बाळंतपणाच्या दिवशी ती सोळा वर्षं आणि काही महिन्यांची होती. पोटातलं बाळ सहा आठवडे आधी आलं आणि आई कागदावर दोन-तीन वर्षं आधीच मोठी झाली.

आणि त्याच्याही मागची गोष्ट सांगायची राहिली. तिची लग्नपत्रिका मी छापली होती.

चैत्री पौर्णिमेची येडाईची यात्रा झाली की आपल्याकडं लग्नाचा जोर असतो. टोळ्या परत आलेल्या असतात, हातात चार पैसे असतात किंवा नसतात, पण माणसं घरी असतात. पाव्हणे आले, शंभर पत्रिका, साधा कागद, गणपती लाल रंगात. मी नाव टाइप केलं, पुढं सवयीनं 'चि. सौ. कां.' लावलं. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. पंधरा वर्षांच्या पोरीला सौभाग्याची कांक्षा होती का नाही, हे मी विचारलं नाही. तिची जन्मतारीख माझ्याच कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या फोल्डरला पडलेली होती. मनात आलं नाही असं नाही. आलं. पण मी नाही छापली तर बार्शी काय लांब आहे, आणि आपण कोण सांगणारे, असं म्हणून प्रिंट दिली.

कायदा मला नंतर नीट कळला. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा. मुलगी अठरा, मुलगा एकवीस. लग्न लावणारा, करवणारा, त्याला मदत करणारा, सगळे त्यात येतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. म्हणजे भटजी, मंडपवाला, आचारी आणि पत्रिकावाला. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच, हेही किती जणांना माहीत आहे?

वयाची ही रेघ इथंवर यायला किती वर्षं लागली बघा. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला तेव्हा वाद दहा का बारा यावर होता. बारा केलं म्हणून पुण्यात रान पेटलं. टिळक विरोधात, आगरकर बाजूनं. त्याच्या आधी मुंबईच्या रखमाबाईंनी, अकराव्या वर्षी झालेलं लग्न मला मान्य नाही, म्हणून कोर्टात उभं राहून दाखवलं होतं. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढं त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं वय चौदा केलं. तो हरबिलास सारडांच्या नावाचा, देवलांच्या 'शारदा' नाटकाचा आणि त्याचा संबंध नाही, जरी नाटकातल्या पोरीची अडचण तीच होती. १९७८ ला वय अठरा झालं. म्हणजे माझ्या आईच्या लग्नात ते अठरा नव्हतं. मोडायला पंधराचा कायदा होता, तो मोडला.

आईला मी त्या झेरॉक्सच्या रात्री विचारलं. वय तिला आकड्यात सांगता येत नाही. ती म्हणाली, "एका चैताला चुनखडी येचाया परकर-पोलक्यात गेल्ते. म्होरच्या चैताला लुगड्यात." आपल्याकडच्यांना हे समजवायला नको. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडं निघते आणि चुन्याच्या रानात सगळे वाकून खडे वेचतात. एक वर्ष वाकताना परकर, दुसऱ्या वर्षी लुगडं. मधल्या वर्षात तिचं बालपण संपलं, आणि ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. माझ्या आधी तिला एक मूल झालं होतं, ते चौथ्या दिवशी गेलं. ते आम्हाला घरात 'अपुऱ्या दिवसांचं' म्हणूनच माहीत. त्याला नाव नाही. मी विचारलं, ते अपुऱ्या दिवसांचं का झालं असेल? तिनं जरा वेळ लावला. "त्याचं दिस कमी व्हतं म्हनत्यात," ती म्हणाली, "माझं तरी कुठं जास्त व्हतं?"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ ची आहे. वीस ते चोवीस वयाच्या बायकांना विचारलं होतं, लग्न अठराच्या आत झालं का. महाराष्ट्रात शंभरातल्या जवळपास बावीस जणी हो म्हणाल्या. आपल्या शेजारच्या बीडमध्ये हा आकडा चाळीसच्या वर आहे. पुणे-मुंबईवाल्यांना वाटतं हे सगळं बॅनरवरच्या काळातलं.

पण इथं मला पाव्हण्यांची बाजू सांगितली पाहिजे. त्यांना खलनायक करून माझी सुटका होणार नाही. पत्रिकेच्या वेळी नाही, पण झेरॉक्सच्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, एवढी घाई का केली? ते म्हणाले, "पाच म्हैनं आमी फडात. म्हातारी आंधळी झालीय. पोरीला कुनापशी ठेवू? संगं न्यावं तर फडावर कोप, दार न्हाई. तुमी ठिवून घेता का?" मी काय बोलणार. पोरगी सासरी गेली की ती सासरच्यांची जबाबदारी. शिवाय कोयता म्हणजे जोडी. उचल जोडीला मिळते. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात, लग्न झालं की पुरा. म्हणजे पोरीच्या बापाला घाई आहे ती भीतीची, आणि पोराच्या बापाला घाई आहे ती उचलीची. ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, २०२१ मध्ये भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहाची योजना जाहीर झाली. कुणाच्या लेकीला चांगलं वसतिगृह मिळालं असेल तर त्यांनी खाली जरूर लिहा, लोकांना कळू द्या. पाव्हण्यांना ते माहीतच नव्हतं. आणि मलाही त्या दिवशी दाखवता आलं नाही, जरी रोज सरकारी योजनांचे अर्ज भरणं हाच माझा धंदा आहे.

पुढं काय होतं तेही आपल्या भागाला पाठ आहे. सोळाव्या वर्षी बाळंतपण, अंगात रक्त कमी, बाळ हलकं, मग लगेच दुसरं. डोक्यावर उसाची मोळी. पंचवीसला कंबर गेली, तिशीत पिशवी काढली. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. पिशवी काढली की पाळीची कटकट नाही आणि खाडा नाही. खाडा केला की मुकादम पैसे कापतो. आता या 'लवकर'ला काय म्हणायचं? आपल्या आया-बहिणी म्हणतात, "झालं एकदाचं, सुटले." पोरीच्या लग्नालाही 'उरकलं एकदाचं' आणि पिशवीलाही 'झालं एकदाचं'.

झेरॉक्सच्या दिवसानंतर आठवड्यानं मी दुकानात पाटी लावली. 'पत्रिका छापण्यासाठी वधू-वरांच्या वयाचा पुरावा सोबत आणावा.' पहिल्याच महिन्यात तीन गिऱ्हाइकं बार्शीला गेली. एका मित्रानं विचारलं, तू कधीपासून तहसीलदार झालास? आता तर पत्रिकाच लागत नाही, मोबाइलवर चित्र पाठवतात, पोरगं घरी बसून बनवतं. पाटीनं लग्नं थांबली असं मी अजिबात म्हणणार नाही.

एकदा मी १०९८ ला फोन केला. चाइल्डलाइनचा नंबर, फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही. नाव सांगावं लागत नाही हे माहीत असून हात कापत होता, कारण आपल्याकडं कुणी केला हे कळायला नाव लागत नाही. गाडी आली, ग्रामसेवक आले, अंगणवाडीताई आल्या. हळद लागलेली होती. बापानं हमीपत्र लिहून दिलं की मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही. आणि त्या हमीपत्राची झेरॉक्स काढायला माणूस माझ्याच दुकानात आला. मी दोन रुपये घेतले.

तीन-चार महिन्यांनी कळलं, लग्न झालं. फडावर. ना मंडप, ना पत्रिका, ना तेरखेड्याचे फटाके. तिथून कोण कुणाला फोन करणार? मी पुन्हा केला नाही. करायला पाहिजे होता. ज्यांना वाटतं की अशा पोस्टच्या शेवटी पोस्ट लिहिणाऱ्यानं काहीतरी मोठं केलेलं असतं, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

पाव्हण्यांची नात वाचली, हे सांगतो. दवाखान्यातल्या सिस्टरनी त्या पोरीला शिकवलं, बाळाला उघड्या छातीला लावून वरून पदर गुंडाळायचा, तासन्‌तास. कांगारूसारखं. परदेशात कोलंबिया नावाच्या देशात काचेच्या पेट्या कमी पडल्या, तेव्हा १९७८ च्या सुमाराला तिथल्या डॉक्टरांनी ही रीत काढली, आता जगभर वापरतात. पोटात राहायचे जे दिवस राहून गेले ते छातीवर भरून काढायचे. त्या सोळा वर्षांच्या पोरीनं ते भरून काढले. तिचे राहून गेलेले दिवस कुणी भरून काढायचे, हे मला काही कळलेलं नाही.

ती मागच्या पावसाळ्यात दुकानात आली. अंगावर चॉकलेटी साडी, कडेवर पोरगी. मी आधी ओळखलं नाही. "काका, सतरा नंबरचा फॉर्म इथंच भरतात ना?"

सतरा नंबर म्हणजे शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. नवरा बाहेर गाडीवर बसला होता, गाडी चालूच होती. तिनं पिशवीतून नववीची गुणपत्रिका काढली, चार घड्या पडलेली. मी वेबसाइट उघडली. तिची पोरगी माउसची वायर ओढायला लागली.

"उशीर झाला का, काका?"

नियमित शुल्काची तारीख गेली होती, विलंब शुल्कासह चालू होतं. विलंबाला शुल्क असतं, तेही छापील. मी म्हणालो, नाही, अजून चालतंय. जन्मतारखेच्या रकान्यात आलो आणि तिच्याकडं बघितलं. आधारवर आता वेगळी तारीख होती, गुणपत्रिकेवर खरी. ती म्हणाली, "शाळेतली टाका."

मी शाळेतली टाकली. मग कळलं की शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तो तिच्याकडं नव्हता. शाळेत जाऊन काढावा लागेल, म्हणजे माहेरी जावं लागेल, म्हणजे घरात विचारावं लागेल. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिनं पोरगीला दुसऱ्या कडेवर घेतलं, मी कागदाच्या तुकड्यावर शेवटची तारीख लिहून दिली आणि तिनं तो गुणपत्रिकेच्या घडीत ठेवला.

"सोमवारी आणते," म्हणाली.